नाशिकमध्ये भाड्यासाठी दुसरा फ्लॅट घ्यावा का? (बाबांचे निवृत्तीचे पैसे आहेत)

सिन्नरफाटा
नमस्कार मंडळी. बाबा मार्चमध्ये प्रेसमधून निवृत्त झाले. फंड, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे असं सगळं मिळून साठ लाखांच्या आसपास हातात आलेत. आई-बाबा जेलरोडला स्वतःच्या घरात राहतात, कर्ज नाही. पेन्शन आहे, पण अगदी तुटपुंजी.

बाबांच्या मनात पाथर्डी फाट्याचा एक टू बीएचके भरलाय. भाव ५२ लाख, बांधकाम चालू, दीड वर्षात ताबा. एजंट सांगतो की १५ हजार भाडं सहज येईल आणि कुंभमेळा झाला की ७५ लाखांना जाईल. बाबांचं म्हणणं एकच: "घर डोळ्यांना दिसतं, बँकेतला आकडा दिसत नाही."

मी पुण्यात, बहीण ठाण्याला. आम्हा दोघांनाही धड काही कळत नाही. ज्यांनी नाशिकमध्ये घर भाड्याने दिलंय, विकलंय किंवा जे भाड्याने राहतात त्यांनी प्लीज खरे आकडे सांगा. बाबांना धागा वाचून दाखवणार आहे.

आकडेमोड
आधी ५२ लाख हा आकडा विसरा. घर ५२ लाखांत पडत नाही.
मुद्रांक शुल्क ६ टक्के धरलं तर ३ लाख १२ हजार. नोंदणी ३० हजार. बांधकाम चालू आहे म्हणून जीएसटी ५ टक्के, म्हणजे २ लाख ६० हजार. झाले ५८ लाख २ हजार. ट्रॉली, ग्रिल, पंखे, गीझर यात नाहीत.

आता भाडं. १५ हजार गुणिले १२ म्हणजे १ लाख ८० हजार. ५८ लाखांवर ३.१ टक्के. यातून मेंटेनन्स महिना १८०० धरून २१,६००, घरपट्टी ९ हजार, भाडेकरू बदलताना एक महिना रिकामा गेला तर १५ हजार, दलाली-रंग-नळदुरुस्तीचे वर्षाला १५ हजार. उरले १ लाख १९ हजार ४००. साधारण २ टक्के.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आत्ता ८.२ टक्के आहेत आणि एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. बाबांनी ३० लाख ठेवले तर दर तिमाहीला ६१,५०० रुपये खात्यात जमा होतात. भाडेकरू शोधायचा नाही, नळ गळत नाही. व्याज करपात्र आहे, पण २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर कर शून्य होतो, त्यामुळे बाबांना बहुधा काही भरावं लागणार नाही.

मखमलाबादकर
@आकडेमोड, गणित बरोबर आहे, पण अर्धंच आहे. घराची किंमत वाढते हे तुम्ही धरलंच नाही. मी २००४ मध्ये इंदिरानगरला वन बीएचके घेतला, सगळं मिळून पावणेपाच लाखांत. तेव्हा वडील ओरडले होते की इतक्या लांब कोण राहायला जातं. आज त्याला ३० लाखांचं गिऱ्हाईक आहे, भाडं १० हजार येतंय. माझ्या मूळ पैशांवर वर्षाला २५ टक्के भाडं! मुलीचं इंजिनिअरिंग त्या भाड्यावर झालं. ठेव ठेवली असती तर मोडून खाल्ली असती. घर मोडता येत नाही, हाच त्याचा मोठा गुण आहे.

आकडेमोड
काका, मुलीचं शिक्षण झालं ही मोठी गोष्ट आहे, तिला कमी लेखत नाही. पण भाडं आजच्या किमतीवर मोजायचं. आज ते घर विकलं तर ३० लाख येतात, म्हणजे तुमचे ३० लाख तिथे अडकलेत आणि त्यावर १ लाख २० हजार मिळतात. ४ टक्के. २१ वर्षांत किंमत वर्षाला सव्वानऊ टक्क्यांनी वाढली, ती मात्र खरंच छान. प्रश्न असा की ती वाढ २००४ मध्ये घेणाऱ्याला मिळाली. आज घेणाऱ्याला मिळेल का?

द्राक्षबाग
त्याचं उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते कडू आहे.
मी २०१३ मध्ये गंगापूररोडच्या आत, नव्या वस्तीत टू बीएचके घेतला. ३६ लाखांचा, खर्चासकट ३९. तेव्हा सगळे हेच म्हणत होते की पाच वर्षांत दुप्पट. झालं काय, तर आमची इमारत कपाटाच्या प्रश्नात सापडली. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगतो: कपाटाची जागा चटईक्षेत्र निर्देशांकात (एफएसआय, म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधायला परवानगी असते त्यात) धरली जात नव्हती, बिल्डर लोकांनी ती खोलीत घेऊन टाकली, आणि पुढे अशा इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडकले. हजारो फ्लॅट त्यात होते. आम्ही राहत होतो, पण कागदावर इमारत पूर्ण नव्हती. विकायला काढला तर गिऱ्हाईक यायचं, बघायचं, आवडायचं, आणि बँकेने दाखला मागितला की गायब व्हायचं. त्या काळात बायको आजारी होती आणि मला पैशांची खरंच गरज होती. चार भिंती होत्या, पण त्यातून चार रुपये निघत नव्हते.

नंतर प्रश्न सुटला. २०२४ मध्ये ५५ लाखांना विकला. ३९ चे ५५, अकरा वर्षांत. वर्षाला जेमतेम सव्वातीन टक्के.

सिन्नरफाटा, बाबांना सांगा, घर डोळ्यांना दिसतं हे खरं. दाखला दिसत नाही, तो मागून घ्यावा लागतो.

मखमलाबादकर
वाईट वाटलं वाचून. वहिनी आता बऱ्या आहेत ना?

द्राक्षबाग
हो, आता ठणठणीत. सकाळी फिरायला माझ्यापुढे असतात.

पंचवटी_पासधारक
छान धागा. माझा अनुभव भाडेकरूचा. मी नाशिकरोडहून रोज पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जातो, बारा वर्षं झाली. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर टू बीएचके, भाडं १३ हजार. मालक तोच, अकरा महिन्यांनी नवा करार, दर वेळी पाच टक्के वाढ, कधी तीसुद्धा नाही. त्याला माझ्यासारखा भाडेकरू का हवा? मी हलणार नाही म्हणून. माझं आयुष्य त्या गाडीला बांधलेलं आहे.

समृद्धी महामार्गामुळे भाव चढणार असं सगळे म्हणतात. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, कसारा घाट टळला, हे खरंच सुखाचं आहे. पण आमण्याच्या पुढे ठाणे-मुंबईची गर्दी आहे तिथेच आहे. रोज गाडीने जाऊन कोणी नोकरी करणार नाही. शनिवार-रविवारचं घर घेणारे मुंबईकर वाढतील, ते त्र्यंबकरोड आणि धरणाकडे घेतील. पाथर्डी फाट्याचा भाडेकरू वेगळा आहे, तो अंबडच्या कारखान्यात काम करतो. त्याच्या पगारावर तुमचं भाडं ठरतं, महामार्गावर नाही.

सातपूरकर
+१. शेवटचं वाक्य बाबांना दोनदा वाचून दाखवा.

गाळेवाला
फ्लॅटपेक्षा गाळा घ्या असं कोणीतरी सांगेलच, म्हणून आधीच लिहितो. माझा सातपूरला गाळा आहे. भरलेला असतो तेव्हा सहा टक्के सुटतात. मागचा दुकानदार गेला आणि १४ महिने कुलूप. मेंटेनन्स चालू, कर चालू. शेवटी एक औषधाचं दुकान आलं आणि जीव भांड्यात पडला. ज्याला वर्षभर भाडं नाही आलं तरी चालतं त्यानेच गाळ्याच्या वाटेला जावं. निवृत्तीच्या पैशांत नको.

चुलीवरची
अवांतर: पाथर्डी फाट्याला चांगली मिसळ कुठे मिळते? फ्लॅटचं काही का होईना, बघायला गेलात तर नाश्ता तरी चांगला व्हावा.

सातपूरकर
मिसळीचं विचारू नका, धागा तिकडेच वाहून जाईल. शहराच्या कुठल्याही टोकाला जा, काळ्या मसाल्याची गरम तर्री आणि पापड मिळतोच. नाशिकमध्ये मिसळीचा परतावा कायम शंभर टक्के.

रात्रपाळी
मी मुंबई नाक्याजवळ एका रुग्णालयात नर्स आहे. मूळची सटाण्याकडची. घरमालकांचा हिशेब चाललाय, तर त्यात एक रकाना माझ्याकडून.

मागच्या वर्षी घर शोधत होते. पगार नियमित, आधीच्या मालकीणबाईंचा फोन नंबर द्यायला तयार, तीन महिन्यांची अनामत तयार. अकरा घरं बघितली. नऊ ठिकाणी एकच वाक्य: "फॅमिलीला देतो." एकाने विचारलं, रात्री किती वाजता येता? रात्रपाळीला माणूस सकाळी येतो, हे त्यांना सांगावं लागलं. एका ठिकाणी आडनाव विचारलं, मग जात, मग म्हणाले कळवतो. त्यातला गोविंदनगरचा फ्लॅट मी रोज येता-जाता बघते. पाच महिने रिकामा होता. गॅलरीत कबुतरांनी घरटं केलं.

१२ हजार भाडं धरलं तर पाच महिन्यांचे ६० हजार गेले. हे वर @आकडेमोड यांच्या हिशेबात "एक महिना रिकामा" म्हणून लिहिलंय. खरा आकडा मालकाच्या मनातल्या अटींवर ठरतो. नाशिकमध्ये माझ्यासारख्या खूप मुली आहेत. रुग्णालयं, महाविद्यालयं, कंपन्या, सगळीकडे. आम्ही भाडं वेळेवर देतो, कारण ते घर गेलं तर दुसरं मिळवणं किती कठीण आहे हे आम्हाला माहीत असतं.

सिन्नरफाटा, तुमच्या बाबांनी घर घेतलंच तर एवढं लक्षात ठेवायला सांगा.

सिन्नरफाटा
@रात्रपाळी, हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आपण घेतलं तर तिलाच पहिलं विचारू." मनापासून म्हणाली.

आकडेमोड
रात्रपाळी, माझी चूक मान्य. रिकामे महिने मी सवयीने एक लिहितो. ते नशिबाने येतात असं धरून चाललो होतो.

सोसायटीतले_काका
मी चौदा वर्षं आमच्या सोसायटीचा सचिव आहे. घर भाड्याने देणाऱ्यांचे हेलपाटे रोज बघतो, म्हणून थोडं सविस्तर.

अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही, हा समज सोडा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी मालकाची. शुल्क फार नसतं, एकूण भाड्याच्या पाव टक्का मुद्रांक आणि वर नोंदणी फी. आता बोटाचे ठसे घेऊन घरी बसून होतं. फायदा काय, तर मुदत संपून भाडेकरू हलला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट शुल्क मागता येतं. शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलेल्या कागदाने यातलं काही होत नाही.

सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल जादा पैसे घेते, त्याला मर्यादा आहे. १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयाप्रमाणे सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त बिनभोगवटा शुल्क घेता येत नाही. कुठे सरसकट हजार-हजार घेत असतील तर हा निर्णय दाखवा.

आणि बांधकाम चालू असलेलं घर असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प क्रमांक टाकून ताब्याची तारीख बघा. एजंटने सांगितलेला "दीड वर्ष" आणि तिथली तारीख जुळते का? नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला बिल्डरला परवानगी नाही. बाबांनी उत्साहात मोठा चेक देऊ नये.

जर्सीतली_नाशिककर
काकांचा प्रतिसाद जपून ठेवला. परदेशात असणाऱ्यांसाठी एक भर. माझा कॉलेजरोडचा फ्लॅट भाड्याने आहे. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूला भाड्यातून टीडीएस कापावा लागतो, रक्कम लहान असली तरी. माझ्या भाडेकरूला हे माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, दोघांनाही मागून निस्तरावं लागलं. आता त्यामुळे चांगले भाडेकरू आधीच नाही म्हणतात. परतावा विचाराल तर अडीच टक्के. तरी विकत नाही, कारण त्या घराच्या खिडकीतून आमची शाळा दिसते. हे कारण कोणाच्या तक्त्यात बसणार नाही, पण माझ्यासाठी पुरेसं आहे.

मखमलाबादकर
बसतं ताई. माझ्या तक्त्यात बसतं.

द्राक्षबाग
कुंभमेळ्याबद्दल कोणी बोललं नाही. २०२७ मध्ये मुख्य पर्वस्नानं आहेत. २०१५ च्या सिंहस्थाआधीही हेच ऐकलं होतं, कुंभ झाला की भाव बघा. मी तेव्हा मालक होतो. रस्ते झाले, पूल झाले, घाट झाले, शहराला त्याचा उपयोग झाला. माझ्या फ्लॅटचा भाव पुढची पाच वर्षं तिथेच होता. नोटाबंदी २०१६ ला, महारेरा आणि जीएसटी २०१७ ला, मग करोना. २०२० च्या सप्टेंबरपासून मुद्रांक शुल्कात काही महिने सवलत मिळाली तेव्हा कुठे हालचाल सुरू झाली. यावेळी वेगळं होईलही. पण "कुंभानंतर ७५" हे वाक्य बोलणारा माणूस ते कुठल्या कागदावर सही करून देणार आहे का, विचारा.

मेट्रोचंही तसंच. २०२१ च्या अर्थसंकल्पात नाशिकच्या निओ मेट्रोची घोषणा झाली, त्या नकाशावर किती जाहिराती छापल्या गेल्या! जो रस्ता आज आहे त्याचेच पैसे द्या.

टेरेसवाली
जीएसटीचा एक मुद्दा राहिला. नाशिक महानगरांच्या यादीत नाही, त्यामुळे ९० चौरस मीटरपर्यंत चटईक्षेत्र आणि ४५ लाखांपर्यंत किंमत असेल तर १ टक्काच लागतो. ५२ लाखांना ५ टक्के. आणि पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला शून्य. शिवाय घर फक्त आईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. बाबांचं नाव जोडलं की ती जाते.

सिन्नरफाटा
सगळ्यांचे आभार. दिवाळीला घरी गेलो होतो, थोडं मोठं लिहितो.

सगळा धागा छापून नेला. बाबांनी चष्मा लावून दोन तास वाचला, पेन्सिलीने खुणा केल्या. द्राक्षबाग यांच्या प्रतिसादावर थांबले. प्रेसमध्ये त्यांच्याबरोबर असणाऱ्या एका मित्राचा फ्लॅटही त्याच कपाटात अडकला होता, ते आम्हाला कधी बोललेच नव्हते.

रात्री जेवताना म्हणाले, मला भाड्याचं फार नाही रे. तुम्ही दोघं बाहेर. माझ्यामागे आईकडे कोणी येणारं-जाणारं नसेल. भाडेकरू असला की महिन्याला एक माणूस दारात येतो. मला काय बोलावं सुचेना. बहीण फोनवर होती, तीही गप्प झाली.

मग आईनेच मार्ग काढला. आमच्याच गल्लीत, तीन इमारती सोडून, एक वन बीएचके विकायला आहे. २००९ ची इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. २४ लाख. आत्ता तिथे ९ हजार भाडं चालू आहे. @आकडेमोड, जरा बघता का?

आकडेमोड
नक्की. आईंच्या नावावर घेतलं तर ५ टक्के म्हणजे १ लाख २० हजार, नोंदणी १ टक्का म्हणजे २४ हजार. जीएसटी नाही. पडलं २५ लाख ४४ हजारांना. भाडं वर्षाला १ लाख ८ हजार, म्हणजे सव्वाचार टक्के. मेंटेनन्स ७०० प्रमाणे ८,४००, घरपट्टी ३,५००, एक महिना रिकामा ९ हजार, दुरुस्ती ८ हजार. उरले ७९,१००. तीन टक्क्यांच्या वर.

नव्या टू बीएचकेपेक्षा चांगलं का निघालं, हे महत्त्वाचं आहे. भाडेकरू खोल्या आणि जागा बघून भाडं देतो. इमारत नवी आहे, लॉबीत संगमरवर आहे, यासाठी तो फार जास्त देत नाही. विकत घेणारा मात्र त्याचे भरपूर पैसे मोजतो. म्हणून जुन्या घरात भाड्याचं प्रमाण बरं पडतं. उलट बाजू अशी की इमारत सोळा वर्षांची आहे, लिफ्ट नाही, पुढे विकताना गिऱ्हाईक कमी.

आणि उरलेल्या पैशांतले ३० लाख बाबांच्या नावे बचत योजनेत गेले तर महिन्याला साडेवीस हजार पडतात. चारेक लाख अडीअडचणीला हाताशी ठेवा.

पंचवटी_पासधारक
तीन इमारती सोडून म्हणजे बाबा स्वतः नळ बघायला जाऊ शकतात. यालाच व्यवस्थापन म्हणतात.

सोसायटीतले_काका
टोकन देण्याआधी तीन गोष्टी. पूर्णत्वाचा दाखला. विकणाऱ्यावर सोसायटीची थकबाकी नाही असं पत्र. आणि अभिहस्तांतरण झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आली आहे का. जुन्या इमारतीत हे तिसरं बहुतेक राहिलेलं असतं, आणि पुनर्विकासाची वेळ आली की तिथेच सगळं अडतं.

सिन्नरफाटा
तिसरं कुठे बघायचं काका?

सोसायटीतले_काका
मालमत्ता पत्रक किंवा सातबारा काढा, दोन्ही ऑनलाइन मिळतात. मालकाच्या जागी संस्थेचं नाव असेल तर झालंय. मूळ जमीनमालकाचं किंवा बिल्डरचं असेल तर नाही. नसेल तर व्यवहार मोडायचं कारण नाही, सोसायटीला मानीव अभिहस्तांतरणासाठी (बिल्डर किंवा जमीनमालकाने स्वतः करून दिलं नाही तरी कायद्याने होणारं) अर्ज करता येतो. पण मग भावात ते बोलून घ्या.

सिन्नरफाटा
बघितलं. सातबाऱ्यावर अजून जमीनमालकाचंच नाव आहे. बाबा उद्या सकाळी सोसायटीच्या अध्यक्षांना भेटायला जातायत, पेन्सिलीच्या खुणांचे कागद घेऊन. काय होतं ते इथेच लिहीन.

रात्रपाळी
दुसरा मजला, लिफ्ट नाही, मला चालेल. सध्याचे भाडेकरू सोडतील तेव्हा आईंना सांगून ठेवा.